खिळाबाईच्या पायाचा गियर

माझ्या धाकट्या मेहुणीला मी खिळाबाई म्हणतो. सुताराच्या तोंडी दुसरं काय येणार! उंची चार फूट दहा इंच, अंगावर मांस बेताचं, आणि डोकं असं की एकदा ठोकलं की पकडीनेसुद्धा निघायचं नाही. हे नाव तिला आवडतं की नाही ते मला आजवर कळलेलं नाही. हाक मारली की ती येते एवढं खरं. पण येताना हातात काहीतरी मोडकं घेऊन येते आणि ते मला दुरुस्त करायला लावते.

मी शिकलो गावच्या शाळेत, तेही सातवीपर्यंत. मला लाकूड सरळ रेघेत कापता येतं, गोष्ट मात्र येत नाही. तिला वाटेत फांद्या फुटतात. आमची ही म्हणते, "तुम्ही पाणी मागायला लागलात तरी आधी विहीर कुणी खणली तिथून सुरुवात करता." असो. विहिरीपासूनच सांगतो.

खिळाबाई सात वर्षांची असताना एक गाय तिच्या डाव्या पायावर उभी राहिली. गाईच्या मनात वाईट काही नव्हतं; तिला उभं राहायला जागा हवी होती, इतकंच. हाड सांधलं, पण घोटा जाम झाला तो कायमचा. पंजा खाली दाबता येतो, वर उचलता येत नाही. चालताना कळतसुद्धा नाही, फक्त जिना उतरताना ती जरा आडवी होऊन उतरते. आता अशी पोर जन्मभर जनावरांना भिऊन राहील असं कुणालाही वाटेल. हिने मोठं झाल्यावर नोकरी धरली ती जनावरांच्या दवाखान्यात! लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "माणसं बघितली. जनावरं बरी." आमच्या मागच्या खोलीत राहायची, आणि अंगाला औषधाचा असा वास की मांजर तिला बघून खिडकीवर चढायचं.

नऊ वर्षं ती दवाखान्यात मदतनीस होती. सुया उकळायच्या, नोंदवही लिहायची, डॉक्टर टोचत असताना जनावराची मान धरायची. रस्त्यात भेटलेल्या माणसाला ती ओळखायची नाही, पण तो म्हणाला की "बाई, माझी ती एक शिंग मोडलेली", की लगेच, "हां हां, तुम्ही होय! आता खाते का नीट?"

तर झालं काय, की डोंगरावरच्या वाड्यांना लस घेऊन जाणारे गृहस्थ निवृत्त झाले. चौदा वाड्या, मोटारसायकलवर मागे बर्फाची पेटी, पेटीत लस. त्याच महिन्यात मोठ्या कचेरीतून हुकूम आला की मदतनिसाची जागा महिनाअखेर बंद. म्हणजे खिळाबाई घरी. राहिली होती ती एकच जागा, फेरीची. मोठ्या साहेबांनी त्या जागेसाठी कुणा बाहेरच्या तरुणाचं नाव आधीच काढून ठेवलं होतं. पण दवाखान्याचे डॉक्टर म्हातारे आणि हट्टी. ते म्हणाले, "माझ्याकडे माणूस आहे."

साहेब म्हणाले, "बाईमाणूस?"

डॉक्टर म्हणाले, "गाईंनी कधी तक्रार केली नाही."

शेवटी ठरलं की पंधरा दिवस कचेरीची गाडी तिच्याकडे द्यायची. पंधराव्या दिवशी साहेबांच्या समोर तिने सगळ्यात वरच्या वाडीपर्यंत जायचं आणि दीड तासाच्या आत पेटीसकट परत यायचं. जमलं तर जागा तिची. नाही जमलं तर तिला नमस्कार.

त्या संध्याकाळी ती गाडी घेऊन आली. म्हणजे ढकलत आणली. घाम निथळत होता, केस कपाळाला चिकटलेले.

"हे काय आणलंस?" आमच्या हिने विचारलं.

"नोकरी आणली, ताई. फक्त अजून चालवता येत नाही."

सायकल तिला उत्तम यायची, त्यामुळे तोल हा प्रश्नच नव्हता. दोन दिवसांत क्लच समजला. पण त्या गाडीचा गियर असा, की पहिला पाडायला पंजाने खाली दाबायचं, आणि पुढचे तिन्ही टाकायला पंजा दांड्याखाली सारून वर उचलायचं. आणि वर उचलणं हीच एक गोष्ट त्या पायाला गाईने शिकू दिली नव्हती! पहिला पडायचा, दुसरा पडायचा नाही. मग हिने युक्ती काढली. चालत्या गाडीवरून डावा हात खाली घालायचा आणि हाताने दांडा उचलायचा. क्लच कोण धरणार? क्लच धरायला हातच उरायचा नाही. गियर किंचाळायचे, गाडी उडी मारायची. तिसऱ्या दिवशी ती अशीच वाकलेली असताना समोर लाँड्रीवाल्याचं दुकान आलं. ते आलं म्हणजे दुकान काही चालत आलं नाही, हीच गेली. इस्त्री केलेल्या बावीस शर्टांवर गाडी आणि गाडीवर खिळाबाई. लाँड्रीवाला भला माणूस. म्हणाला, "बाई, शर्ट पुन्हा धुता येतील, तुम्हाला कुठे लागलं का ते बघा." ही उठली, कोपर झटकलं आणि म्हणाली, "पहिला गियर चांगला पडतो हो. बाकीच्यांचं बघायला हवं."

घरी आल्यावर आमची ही रडवेली झाली. "सोड गं तो नाद. मोठ्या कचेरीत टेबलावरचं काहीतरी मिळेल. डॉक्टर शब्द टाकतील."

"टेबलाला शेपूट असतं का, ताई?"

"म्हणजे?"

"म्हणजे मला टेबल नको."

दुसऱ्या दिवशी मी आणि खिळाबाई मेस्त्रीकडे गेलो. हा आमच्या गल्लीच्या तोंडाशी गाड्या दुरुस्त करायचा. त्याला सगळे अर्धामिनिट म्हणत. काम कितीही मोठं असो, त्याचं उत्तर एकच, "अर्धा मिनिट!" एका गृहस्थाचं इंजिन त्याच्याकडे अर्धा मिनिट म्हणून उघडलेलं होतं, त्या गृहस्थाच्या मुलीचं लग्न होऊन तिला मूल झालं तरी ते उघडंच. पण हात सोन्याचा. त्याने तिचा पाय बघितला, गाडी बघितली, आणि तोंडातली काडी या गालातून त्या गालात नेली.

"ताई, पाय वळवायची सवय करा. सवयीने सगळं वळतं."

"तीस वर्षं वळवतेय, मेस्त्रीदादा. आता तुम्ही गाडी वळवा."

मेस्त्री हसला. "गाडी कंपनीने बनवलीय. तिला अक्कल असेल ना काही?"

"कंपनीने मला बघितलं होतं का?"

आता हे बोलणं मला एकदम पटलं. कारण आमच्या शाळेत एकाच मापाचे बाक होते. माझ्यासारख्या बुटक्यांचे पाय तासभर लोंबकळत राहायचे, मुंग्या यायच्या, आणि उत्तर द्यायला उभं राहिलं की आम्ही धपकन पडायचो. मास्तर म्हणायचे, उत्तर येत नाही म्हणून सोंगं करतोय! मी सुतार झालो तो त्या बाकाच्या रागाने, असं मी लोकांना सांगतो. खरं कारण असं की आमचे मामा सुतार होते. पण राग होता, हेही खोटं नाही. माणूस खुर्चीसाठी नसतो, खुर्ची माणसासाठी असते. मी मेस्त्रीला तेच सांगितलं.

"सांगा ना मग काय करायचं," मेस्त्री म्हणाला.

युक्ती त्याचीच निघाली. काही गाड्यांना गियरचा दांडा दुतोंडी असतो. पुढचं तोंड पंजाने दाबायचं, मागचं टाचेने. टाचेने दाबलं की गियर वर. उचलायचं कामच नाही! टाच दाबायला घोटा लागत नाही, आख्खा पाय वरून टेकवला की झालं. त्याच्या भंगारात तसा एक दांडा होता. गाडीतून गियरच्या पेटीचा जो आस बाहेर येतो, त्याला सभोवार बारीक दाते असतात. दांड्याच्या भोकातही तसेच दाते. दात्यात दाते बसवून बोल्ट आवळायचा, इतकं सोपं.

सोपं खरं, पण तो दांडा नऊ नंबरच्या पायासाठी बनलेला. खिळाबाईचा पाय चार नंबर. पुढचं तोंड दाबायला जावं तर टाच अधांतरी, टाच टेकवावी तर पंजा आभाळात. फूटरेस्टवर पाय ठेवून ती नुसती मागेपुढे सरकत राहायची.

"कापावा लागेल," मेस्त्री म्हणाला, "पण किती, ते कसं कळणार? लोखंड कापलं की वाढत नाही."

"लाकडाचं करून बघू," मी म्हणालो, आणि इथे माझी छाती अशी फुगली म्हणता! चाळीस वर्षांत मला मोटारसायकलच्या कामात कुणी विचारलं नव्हतं.

आमच्या कामाची एक रीत आहे. खुर्चीसाठी माप घ्यायचं तर आधी जोडे काढायला लावायचे. जोडे रोज बदलतात, माणूस तोच असतो. एकदा हेडमास्तरांनी उंच टाचेच्या बुटात माप दिलं आणि घरी सपाट चपलेत त्या खुर्चीवर बसले, तेव्हापासून मी कुणालाच जोड्यात मोजलं नाही. तसं खिळाबाईलाही मी अनवाणी फळीवर उभं केलं, पेन्सिलीने पायाभोवती रेघ ओढली, आणि दोन दिवसांत तिच्या पायाचा लाकडी पाय तयार केला. बोटं, टाच, घोट्याचा तो जाम झालेला कोन, सगळं. आमची ही म्हणाली, "इतकं नीट काम तुम्ही कधी माझ्या पाटाचं केलं नाहीत." त्या लाकडी पायावर मेस्त्रीने दांडा कापला, पुन्हा जोडला, दोन्ही तोंडांना रबर लावलं. बसवला. खिळाबाई अनवाणी बसली. पंजा दाबला, पहिला. टाच दाबली, दुसरा. तिसरा. चौथा. दुकानात आम्ही तिघं लहान मुलांसारखे ओरडलो.

नववा दिवस. सकाळी ती डोंगराच्या वाटेने सरावाला निघाली, पुरता वेष करून. वेष म्हणजे अंगात खाकी कोट आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. गोठ्यात त्या बुटांशिवाय जायचं नाही असा दवाखान्याचा कायदाच आहे. तास झाला, दीड झाला. मग ती आली. ढकलत. कोटाची बाही फाटलेली, गुडघ्याला चिखल, हनुवटीवर खरचटलेलं.

"काय झालं?" मी धावलो.

तिने गाडी भिंतीला टेकवली. ओट्यावर बसली, डावा बूट काढला आणि माझ्यासमोर ठेवला. मग आतून लाकडी पाय आणला आणि त्याच्या शेजारी ठेवला. बूट लाकडी पायापेक्षा चार बोटं लांब होता आणि दोन बोटं जाड.

 दांड्याची दोन्ही तोंडं अनवाणी पायाच्या मापाने जवळ आणलेली. बूट त्यांच्यामध्ये पाचरीसारखा अडकत होता. ती टाच दाबायला गेली की पंजाही दाबला जायचा, गियर वर जायचा आणि तसाच खाली यायचा. उतारावर चौथ्याऐवजी दुसरा पडला, मागचं चाक धरलं, गाडी आडवी. उजव्या बाजूलाही तीच गत. बुटाचा जाड तळवा ब्रेकच्या पेडलवर सतत टेकलेला, ब्रेक सदा थोडा लागलेला, चाकाचा ड्रम तव्यासारखा तापलेला.

"मी तुला मोजलं," मी म्हणालो, "बूट मोजला नाही. चूक माझी."

वाटलं, आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "भाऊजी, सहा दिवस आहेत. तो लाकडी पाय आता मुलांना खेळायला द्या. आणि मेस्त्रीदादांना सांगा, मी येतेय, बूट घालूनच येतेय."

त्या दिवसापासून तिने बूट काढले नाहीत म्हटलं तरी चालेल. स्वयंपाकघरातही बूट! आमची ही म्हणाली, "पाय ठेवशील तिथे फरशी पुसायची तू." खिळाबाईने पुसली. बूट घालूनच पुसली, त्यामुळे पुसून झाली की पुन्हा पुसावी लागायची.

मेस्त्रीने दांडा पुन्हा वाढवला. पण लांबी जमली की कोन जमेना. दाते एवढेसे दिसतात, पण दांडा एक दात पुढे सरकवला की पंजाखालचं तोंड बोटभर खाली जातं आणि टाचेचं बोटभर वर येतं. मेस्त्री म्हणायचा, "बसला! अगदी बसला! जा आता." ही दोन मिनिटं बसायची आणि म्हणायची, "एक दात मागे."

"अहो ताई, परवा एक दात पुढे तुम्हीच सांगितलंत."

"परवा रबर जाड होतं. आज घासलंय."

"देव दात देतो तेव्हा माणूस एवढी चौकशी करत नाही हो!"

अकराव्या दिवशी त्याचा धीर सुटला आणि त्याने पाना तिच्या हातात ठेवला. "घ्या. करा तुमचं तुम्ही. माझं इथे चार गाड्यांचं अर्धा मिनिट राहिलंय." त्याला वाटलं ती वरमेल. तिने पाना घेतला आणि खाली बसली. बोल्ट सैल, दांडा ओढून काढला, एक दात मागे, ठोकला, आवळला, वर बसून बघितलं. पुन्हा खाली. मेस्त्रीने काडी चावता चावता मोजलं, एका दुपारी सतरा वेळा! आठव्या वेळेला तो स्वतःहून तिच्या शेजारी येऊन बसला आणि ब्रेकचं शिकवू लागला. पेडल कुठवर वर येईल ते अडवणारा बोल्ट कुठला, तो खाली घेतला की मागच्या सळईचा नट किती फिरवायचा, पेडल अंगठाभर मोकळं हललं पाहिजे आणि मगच ब्रेक लागला पाहिजे, चाक हाताने फिरवून कुठे घासतंय का ते कान लावून कसं ऐकायचं. तिने ते सगळं जनावरांच्या नोंदवहीच्या मागच्या पानावर लिहून घेतलं. एका बाजूला कुठल्या गाईला जंत झाले ते, दुसऱ्या बाजूला ब्रेक.

शेवटचे तीन दिवस आमच्या अंगणात गाडी डबल स्टँडवर. मागचं चाक हवेत गरगरतंय, वर खिळाबाई भिंतीकडे बघत बसलेली, खाली बघायचं नाही अशी तिची तिलाच शपथ. आणि ओट्यावरून आमची ही भाजी निवडता निवडता हुकूम सोडतेय.

"वर! वर! खाली! अगं खाली म्हटलं!"

"ताई, पडला खाली. तू ऐकलं नाहीस."

"मग वर! आता समोर गाय आली!"

"गाय आली की ब्रेक, ताई. गियर नाही."

"मला काय ठाऊक, मी कधी गाईवर गाडी घातलीय?"

पंधराव्या दिवशी सकाळी आठला दवाखान्यासमोर मोठे साहेब जीप घेऊन आले. कपडे कडक, घड्याळ मोठं. डॉक्टर पुढे बसले. मी मागे चढलो.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"जीप बंद पडली तर ढकलायला माणूस," डॉक्टर म्हणाले.

पेटीत बर्फ भरला, लस ठेवली, साहेबांनी वेळ लिहिली. खिळाबाईने किक मारली. पंजा, पहिला. टाच, दुसरा. मी जीपमध्ये तोंडातल्या तोंडात मोजत होतो. तिसरा. चौथा. अशी गेली म्हणता, जसा रंधा चांगल्या सागावरून जातो! साहेबांचा ड्रायव्हर म्हणाला, "बाई दाबून चालवतात." मी म्हणालो, "मेहुणी आहे माझी." त्याने विचारलं नव्हतं.

वरची वाडी तिने चाळीस मिनिटांत गाठली. तिथल्या एका म्हाताऱ्याने पेटीवर शिक्का मारला आणि ती परत फिरली. पाच मिनिटं आमच्या हाताशी होती. मग घाटातला मधला चढ आला. उतारावर उतार असला तरी मधे एक चढ आहे, छातीवर येणारा. तिथे तिने पहिल्यावर गाडी घेतली, वेग आला, टाच दाबली. काही नाही. पुन्हा दाबली. पुन्हा. मला मागून दिसत होतं, टाच खाली जातेय, दांडा नुसता गरकन फिरतोय आणि इंजिन पहिल्यावरच कण्हतंय. तेव्हा मला कळलं. त्या दांड्याचे दाते! पंधरा दिवसांत इतक्या वेळा काढला आणि ठोकला होता की भोकातले दाते झिजून गेले होते. ज्याने तिचा पाय बसला, त्यानेच दांडा सुटला.

तिने गाडी कडेला घेतली. जीप थांबली. साहेब उतरले.

"झालं, बाई. प्रयत्न चांगला होता. पेटी जीपमध्ये घ्या."

तिने वरसुद्धा बघितलं नाही. "साहेब, घड्याळ चालू ठेवा."

सीटखालचा पाना काढून ती गुडघ्यावर बसली. मी जीपमधून उडी मारली. "थांब, मी धरतो!"

"भाऊजी, वर बसा."

"अगं पण—"

"परीक्षा कुणाची आहे?" हे साहेबांनी विचारलं की तिने, ते मला आठवत नाही. मी बसलो.

तिने दांडा काढला, भोक उजेडात धरलं, अंगठ्याने चाचपलं.  मग औषधाची पिशवी उघडली, जखमेला लावायच्या मलमाचा पत्र्याचा डबा काढला, आणि जनावरांचे केस कापायच्या मोठ्या कात्रीने झाकणाची एक पट्टी कापली, नखाएवढी रुंद. पट्टी दात्यांवर गुंडाळली, तिच्यावर दांडा चढवला आणि रस्त्यावरचा दगड घेऊन ठोकला. पत्रा दात्यांमध्ये चेपला जाऊन दांडा घट्ट बसला. बोल्ट आवळला. साहेब वाकून बघत होते. त्यांनी स्वतः हाताने दांडा हलवून बघितला. हलेना.

"बसला. चला," ते म्हणाले. आणि आवाजात, मी खोटं सांगणार नाही, जरा घाईच होती. त्यांनाही घड्याळ दिसत होतं.

ती गाडीवर बसली. भिंत नव्हती, म्हणून डोंगराकडे बघितलं. पंजा, टाच. उतरली आणि पुन्हा बोल्ट सैल करायला लागली.

"आता काय?" साहेब ओरडले. "बसलाय ना!"

"गाडीला बसलाय, साहेब. माझ्या पायाला नाही. एक दात पुढे आहे."

"एका दाताने काय होतं?"

"उतारावर चौथ्याच्या जागी दुसरा होतो. माझी हनुवटी बघा."

पट्टी काढली, दुसरी कापली, एक दात मागे, दगड, बोल्ट. वर बसून पाहिलं, या वेळी मान हलवली. किक. अकरा मिनिटं गेली होती.

खाली आलो तेव्हा दीड तासावर सहा मिनिटं झाली होती. साहेबांनी वही काढली. डॉक्टर, ड्रायव्हर आणि मी उभे. ती बूट आपटून चिखल झटकत होती, जशी काही रोजची फेरी संपवून आलीय.

"वेळ चुकली," साहेब म्हणाले.

डॉक्टरांनी विचारलं, "वेळ कशासाठी ठेवली होती?"

"लस थंड राहावी म्हणून."

डॉक्टरांनी पेटी उघडली आणि साहेबांचा हात धरून आत घातला. साहेबांनी हात पटकन मागे घेतला. बर्फ बर्फच होता.

साहेबांनी हात रुमालाला पुसला. मग तिच्याकडे वळले. "बाई, आज आम्ही होतो. उद्या वरच्या वाडीच्या वाटेवर हेच झालं, आणि मदतीला कुणी नसलं, तर?"

"आज कुणी मदत केली, साहेब?"

साहेब गाडीकडे वळले. मग म्हणाले, "कंपनीचा दांडा तुम्ही काढलात. कचेरीची गाडी आहे."

"काढलेला दांडा कागदात गुंडाळून ठेवलाय. माझ्या जागी दुसरं कुणी आलं की एक बोल्ट काढायचा, पाच मिनिटांचं काम. तोवर गाडी माझ्या पायाने चालेल."

साहेब बराच वेळ वहीत लिहीत राहिले. इतका वेळ, की ड्रायव्हरने मला एक विडी दिली आणि मी विडी ओढत नाही हे विसरून ती पेटवली. शेवटी त्यांनी पान फाडून डॉक्टरांना दिलं, जीपमध्ये बसले आणि गेले. डॉक्टरांनी चष्मा लावला, वाचलं, आणि कागद खिळाबाईच्या हातात दिला. तिने वाचला आणि घडी करून नोंदवहीत ठेवला. जंतांच्या बाजूला.

"काय लिहिलंय?" मी विचारलं.

"सोमवारपासून."

मेस्त्रीने रविवारी दुकान बंद ठेवून तिच्यासाठी नवा दांडा केला, कोऱ्या दात्यांचा. बसवायला ती स्वतःच खाली बसली, तो म्हणाला, "अर्धा मिनिट, निदान बोल्ट तरी मला आवळू द्या." तो एक बोल्ट तिने त्याला आवळू दिला. मग तपासला आणि पाव फेरा आणखी आवळला.

सोमवारी सकाळी सहाला आमची ही आणि मी ओट्यावर येऊन उभे राहिलो. तिने पेटी बांधली, दोरी दोनदा ओढून बघितली, किक मारली. "येते," एवढंच म्हणाली, मान न वळवता. गल्लीच्या तोंडापर्यंत पहिला. रस्त्याला लागताना दुसरा. लाँड्रीच्या पुढे तिसरा, स्वच्छ, सुपारी फुटल्यासारखा. मग ती वळणापलीकडे गेली आणि चौथा काही मला ऐकू आला नाही. आमची ही म्हणते, तिला आला.